फुकट तोलून मिळेल

एकोणीसशे बासष्ट साली दिग्रसच्या बाजारात शेर मेला आणि त्याच्या गादीवर किलो बसला. शेराचं सुतक मात्र कोणी पाळलं नाही, कारण बऱ्याच दुकानदारांनी त्याला मरूच दिलं नव्हतं. गल्ल्याखालच्या गोणपाटात तो गुपचूप जिवंत होता. गिऱ्हाईक भाव किलोचा द्यायचं आणि तराजूत चढायचा शेर. दोघांत फरक तो काय, छटाकभर आणि वर चिमूटभर. एवढ्याशासाठी कोण भांडत बसणार? कोणी बसत नव्हतं, आणि त्यातच सारी मजा होती.

मोहिउद्दीनच्या किराणा दुकानात मात्र किलोच होता. याचं कारण तो फार मोठा अवलिया होता असं नाही. किलो वापरा म्हणून दवंडी झाली त्याच दिवशी व्यापारी मंडळाचे अध्यक्ष रामलाल शेठ त्याला म्हणाले होते, "घाई करू नको, आम्ही सांगू तवा बदल." मोहिउद्दीनला कोणी 'करू नको' म्हटलं की ते केल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. हमीदाशी लग्न करू नको असं त्याच्या मामूनं बजावलं होतं, म्हणून तर हमीदा घरात होती. हे ती त्याला आठवड्यातून एकदा तरी ऐकवी.

चैत्रातल्या एका बाजाराच्या दिवशी तांड्यावरची सुखीबाई दुकानासमोर येऊन उभी राहिली. कोपरापर्यंत बांगड्या, कपाळावर घाम, हातात साखरेचा पुडा.

"भाऊ, हे पाह्य बरं. किलो हाय का शेर हाय?"

"कोनाकडून आनली?"

"तुले काय करायचं? तू तोल."

मोहिउद्दीननं तोललं. पुड्याचं पारडं वर ते वरच. "बाई, हा शेर हाय."

सुखीबाईनं त्या अज्ञात दुकानदाराच्या सात पिढ्यांचा तिच्या बोलीत समाचार घेतला, तांब्याभर पाणी प्यायली, पुडा ओढणीला बांधला आणि चालती झाली. जाताना काडीपेटीसुद्धा विकत घेतली नाही.

दुकानामागच्या पडद्याआडून हमीदा म्हणाली, "घ्या. साखर दुसऱ्याची, मेहनत तुमची, अन् पानीबी आपल्या घरचं."

"ज्याच्याकडून साखर घेतली त्याले विचाराले तिले भेव वाटलं," मोहिउद्दीन म्हणाला. "मले विचाराले नाही वाटलं. हे का कमी हाय?"

"लय हाय. आज रातच्याला चुलीवर तेच चढवते."

पण मोहिउद्दीनच्या डोक्यात काहीतरी शिरलं होतं. संध्याकाळी नेहमीप्रमाणे दोन सल्लागार दुकानाच्या फळीवर येऊन टेकले, तेव्हा त्यानं बेत जाहीर केला. एक जास्तीचा तराजू दुकानाबाहेर, छपराच्या वाशाला टांगायचा. कोणीही यावं, कुठूनही घेतलेला माल फुकट तोलून न्यावा.

सल्लागारांपैकी एक नानाजी मास्तर, शेजारीच राहणारे, शाळेतून निवृत्त झालेले, पण शिकवण्यातून अजून निवृत्त न झालेले. ते म्हणाले, "फुकट गोष्टीची लोकांना किंमत नसते. दोन नये पैसे तरी ठेव."

दुसरे पुंडलिकराव, वीस एकर कापूस-तुरीचे मालक. ते रोज सुपारीचं खांड चघळायला येत आणि सुपारीच्या मोबदल्यात मत देत. "अबे, तुले साखर देते कोन? रामलाल शेठ. त्याच्याच छटाकावर पाय देशीन त तो तुले सोडन का? नको करू बाप्पा."

झालं. ते 'नको करू' ऐकलं आणि मोहिउद्दीननं वाशाची जागा बोटानं मोजली.

पाटीचा मजकूर नानाजींनी तयार केला. मूळ मजकूर होता, 'येथे कोणाच्याही मालाचे वजन फुकट करून मिळेल.' पण रंगाऱ्यानं 'येथे' इतकं ठसठशीत काढलं की पुढं जागा पुरेना. त्यानं मधला 'माल' उडवला आणि राहिलेलं स्वतःच्या अकलेनं जुळवून घेतलं. पाटी लागली ती अशी: 'येथे कोणाचेही वजन फुकट करून मिळेल.' नानाजींनी ती तीनदा वाचली आणि व्याकरणात चूक नाही असा निर्वाळा दिला.

पहिल्या दिवशी सकाळी मालाचा एकही पुडा आला नाही. आली ती तान्ह्या पोराला घेऊन बेबीताई. पाटीवर लिहिलंय म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? पारड्यात फडकं घालून पोराला ठेवलं. पोरगं इतकं खुश झालं की उतरेना. बातमी पसरली, आणि दुपारपर्यंत आठ पोरं तोलून झाली. पाठोपाठ एकानं बोकड आणला. मग तालमीतला एक पहेलवान आला. मोहिउद्दीननं हात जोडले, पण पहेलवान समंजस होता. "सगळा नाही बसत," म्हणाला, "नुसती मांडी ठेवतो, बाकीचा हिसाब मी लावतो." त्यानं मांडी ठेवली आणि पारड्याच्या तिन्ही साखळ्या एकदम तुटल्या.

हमीदानं आतून फक्त सुतळीचा गुंडा बाहेर सरकवला. मोहिउद्दीनला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

साखळ्या जोडल्या, पाटीवर 'माल' घुसवला, आणि मग खरंच पुडे येऊ लागले. बहुतेक पुडे उणे निघत. मोहिउद्दीन कोणाचं नाव विचारत नसे, फक्त काटा दाखवी. लोक तसेच मागच्या पावली बाजारात जात आणि तिथून आरडाओरडा ऐकू येई. चार-पाच दिवस मोहिउद्दीनची मान एवढी ताठ होती की टोपी सारखी मागं सरके.

सहाव्या दिवशी पुंडलिकराव पुडा घेऊन आले. समोर वीस-पंचवीस माणसं. मोहिउद्दीननं ऐटीत तोललं. पुडा उणा.

"पाहा!" मोहिउद्दीन गर्दीकडे वळून म्हणाला. "काय हिंमत हाय पाहा या लोकायची! भाऊ, कोनाचा हाय हा पुडा?"

नाव न विचारण्याचा नियम त्यानं पहिल्यांदाच मोडला होता. पुंडलिकराव अवघडले. सुपारी या गालातून त्या गालात गेली.

"तुहाच हाय, मोहिद्दीन. कालच नेलता."

मोहिउद्दीन तीरासारखा आत गेला आणि दुकानातला रोजचा तराजू उचलून बाहेर घेऊन आला. उलटासुलटा करून पाहिला. मालाच्या पारड्याच्या खाली, बुडाला, गुळाचा एक काळा गोळा चिकटून बसला होता. कधीपासून, ते त्या गुळालाच ठाऊक. गर्दी असली हसली की समोरच्या निंबावरचे कावळे उडाले.

नानाजी कानाशी येऊन म्हणाले, "माफी माग, पाटी उतरव, आणि आठ दिवस दुकान बंद ठेव. लोक विसरतात."

दुसरा कोणी असता तर विसरायला वेळ दिला असता. मोहिउद्दीननं सर्वांदेखत तो गूळ चाकूनं खरडला, राकेलच्या रिकाम्या डब्यावर उभा राहिला आणि ओरडला, "ज्यानं ज्यानं माह्याकडून माल नेला, त्यानं याव! जेवढं कमी पडलं तेवढं भरून देतो. पुडा आना. पुडा संपला असन त तोंडानं सांगा!"

शेवटचं वाक्य उगाच बोलला असं त्याला पुढच्या तासाभरात कळलं. पुडे घेऊन आले सातजण. तोंडं घेऊन अर्धं दिग्रस आलं. ज्यांनी त्याच्या दुकानातून जन्मात मीठसुद्धा नेलं नव्हतं त्यांनाही आपण नेहमी किती कमी नेलं ते अचानक आठवलं. एकजण तर गाडी बदलायला उतरलेला आर्णीचा पाहुणा होता. पडद्याआडून हमीदा म्हणाली, "याच्या मिशाबी मी आज पह्यल्यांदा पाहून राह्यले." मोहिउद्दीननं त्यालाही साखर दिली. बोलून बसलो म्हणजे बसलो. संध्याकाळी साखरेचं पोतं झटकून घडी घालायच्या लायकीचं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुखीबाई आली. या खेपेला तिच्यासोबत तांड्यावरच्या चौघीजणी होत्या. त्यांनी महिन्याचा सगळा किराणा भरला. मोहिउद्दीन एकेक पुडा बाहेरच्या तराजूवर पुन्हा तोलून दाखवायला लागला, तर सुखीबाईनं हात हलवला. "राहू दे. ज्यानं आपलाच गूळ एवढ्या लोकायसमोर खरडला, त्याचं आता काय तोलाव? बांध लवकर, ऊन वाढून राह्यलं."

मोहिउद्दीननं पडद्याकडे पाहिलं. पडदा जरासा हलला.

त्याच आठवड्यात रामलाल शेठकडून बोलावणं आलं. शेठजींच्या गादीवर व्यापारी मंडळ जमलं होतं. सगळ्यांची तोंडं कोणाच्या तरी मयतीला आल्यासारखी. रामलाल शेठ हे अंगानं जाड, आवाजानं मऊ. कोणावर ओरडायचं असलं की ते आणखी मऊ बोलत.

"मोहिद्दीन, तू धंदा करून राह्यला का धरमशाळा चालवून राह्यला?"

"दोनी, शेठजी."

"आमचं नाक कापून राह्यला तू."

"मी त नुसता तोलून राह्यलो. नाक मधात कुठून आलं?"

"तराजू आत घे. नाहीतर उद्यापासून दिग्रसातून तुले साखरेचा दाना भेटनार नाही."

"मंग उमरखेडहून आनीन."

"उमरखेड लय दूर हाय बेटा," शेठजी फारच मऊ आवाजात म्हणाले.

"हाय त हाय," मोहिउद्दीन म्हणाला आणि चपला घालून निघाला. चपला घाईत दुसऱ्याच्या घातल्या होत्या, पण असल्या बाणेदार उत्तरानंतर परत जाऊन बदलणं बरं दिसत नाही. घर येईपर्यंत त्या त्याला चावत राहिल्या.

उमरखेड खरंच दूर होतं. मोहिउद्दीननं एस.टी.च्या टपावर साखरेचं पोतं चढवलं, कंडक्टरशी हुज्जत घातली, सामानाचं तिकीट काढलं आणि खाली जागा धरून बसला. पोत्याला एक भोक होतं आणि गाडीच्या टपाला दुसरं. पुसदपर्यंत दोन्ही भोकं बरोब्बर एकावर एक राहिली. त्यांच्या खाली तांड्यावरचा खेमसिंग बसला होता, डोक्याला भलंमोठं पागोटं. घाम ओघळून ओठांशी आला की तो जीभ फिरवी, चकित होई आणि पुन्हा जीभ फिरवी. आपला घाम गोड झाला म्हणजे आपल्याला काहीतरी दुखणं झालं, या काळजीनं दिग्रस येईतो तो अर्धा झाला होता. उतरल्यावर पागोटं सोडलं तेव्हा उलगडा झाला. खेमसिंग तसाच पागोटं ओंजळीत धरून मोहिउद्दीनच्या मागोमाग दुकानात आला आणि तराजूवर झटकून मोकळा झाला.

"तोल. तुही हाय. दीड पाव असन."

दीड पावच होती. त्या दिवसापासून खेमसिंग त्याचा दोस्त झाला.

इथपर्यंत सगळं माणसांशी चाललं होतं, तोवर ठीक होतं. मग त्यात कागद शिरला. कोणीतरी वर अर्ज केला आणि वजनमाप खात्याचे साहेब खाकी पिशवी घेऊन दुकानासमोर उभे राहिले. बारीक अंगाचे, जाड भिंगांचे, बोलण्यात एक शब्द वाया न घालवणारे.

"हा तराजू कशासाठी?"

"तोलाले."

"यावर तोलून माल विकता?"

"नाही."

"विकत घेता?"

"नाही."

"मग तोलता कशाला?"

याला उत्तर होतं, पण ते साहेबांच्या पिशवीतल्या कागदात मावण्यासारखं नव्हतं. साहेब म्हणाले की दुकानाबाहेर टांगलेला आणि सर्वांसाठी खुला तराजू म्हणजे सार्वजनिक काटा, आणि सार्वजनिक काट्याला परवाना लागतो. परवाना नाही, म्हणून सील. त्यांनी दोन्ही पारडी सुतळीनं एकत्र बांधली, लाख वितळवली आणि वर पितळी शिक्का दाबला. पाटी तशीच राहिली, तिच्याखाली हात बांधलेल्या कैद्यासारखा तराजू लोंबत राहिला. येणारेजाणारे विचारू लागले, "काहो मोहिद्दीनभाई, सुटला का तराजू? तारीख कवाची हाय?"

परवान्यासाठी मोहिउद्दीन यवतमाळला गेला. तिथल्या कारकुनानं अर्ज पाहिला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. "आकारणीचा दर लिहा."

"फुकट."

"फुकट हा दर नाही. फुकट म्हणजे दर नसणं."

"मंग रकाना कोरा राहू द्या."

"कोरा रकाना म्हणजे अपुरा अर्ज."

"शून्य लिवा न मंग!"

"शून्य लिहिलं तर वरून शेरा येतो, की हा इसम खातो काय?"

दुसऱ्या खेपेला कारकून रजेवर होता. तिसऱ्या खेपेला नानाजी मास्तर हट्टानं सोबत गेले. 'फुकट' हे विशेषण की क्रियाविशेषण, यावर त्यांची आणि कारकुनाची तासभर चर्चा अशी रंगली की कारकुनानं स्वतः चहा मागवला. शेवटी क्रियाविशेषण ठरलं. अर्ज जिथं होता तिथंच राहिला. परतीच्या गाडीत नानाजी अतिशय प्रसन्न होते आणि मोहिउद्दीनला त्यांना खिडकीबाहेर टाकावंसं वाटत होतं.

दुकानात येऊन बसला तो तोंड पाडूनच. हमीदानं न मागता पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. ती म्हणाली, "आता झालं न समाधान? उतरवा तो पाळना. लोकायची साखर लोक पाहून घेतीन."

त्याच वेळी बाजारातून सुखीबाई आली. हातात पुडा. सील पाहून थबकली. "बांधून ठेवला? मंग आता मी कोनाकडं जाऊ?"

दोघीही त्याच्याकडे पाहत होत्या. मोहिउद्दीननं बांधलेल्या तराजूकडे पाहिलं. मग त्याची नजर खाली, त्या तराजूजवळ पडलेल्या लोखंडी किलोवर गेली. कोरा करकरीत, सरकारी छाप मारलेला, कुणी न बांधलेला.

"तराजू बांधला," तो सावकाश म्हणाला. "याले कुठं बांधलं?"

त्यानं वजन उचललं आणि सुखीबाईच्या हातात दिलं. "घेऊन जा. ज्याच्याकडून माल घेशीन, त्याच्याच तराजूत हे ठेव. काम झालं का आनून दे."

"वजनंबी वाटाले निघाले?" हमीदा कपाळावर हात मारून म्हणाली. "आता मले तेवढं राहू द्या घरात!"

सुखीबाई तो किलो ओढणीखाली घेऊन, कडेवर पोर असल्यासारखी चालत, थेट रामलाल शेठच्या दुकानात गेली. तिनं साखर मागितलीच नाही. शेठजींच्या तराजूत एका पारड्यात शेठजींचं वजन ठेवलं, दुसऱ्यात मोहिउद्दीनचं. शेठजींचं वजन टुणकन वर गेलं. दुकानात भर बाजाराची गर्दी. शेठजी फार मऊ आवाजात म्हणाले की नोकरानं चुकून जुनं काढलं असेल. नोकर म्हणाला, "शेठजी, तुमीच त दिलतं." त्या वाक्यानंतर तो नोकर शेठजींकडे किती दिवस टिकला हे ठाऊक नाही, पण बाजारात त्याचं नाव झालं.

मग काय, मोहिउद्दीनचा किलो फिरायला लागला. त्यानं दुसरा विकत घेतला, छाप मारून आणला, तोही फिरायला लागला. ज्याला बाजार करायचा तो आधी मोहिउद्दीनकडे वजन मागायला येई. नाव लिहून ठेवायचा सल्ला नानाजींनी दिला. मोहिउद्दीन म्हणाला, "लिवून ठेवलं का त्यायले चोर म्हटल्यासारखं होते." वजनं परत येत. एकदा तर एकाच्या ऐवजी दोन आली. दुसरं म्हणजे एक जुना शेर, तो कोणाचा ते आजवर कळलं नाही.

आणि मग एक दिवस दोन्ही किलो परत आले नाहीत.

एक नेला होता पुंडलिकरावांनी. दुसरा खेमसिंगनं, फुलसावंगीला, मेव्हणीच्या लग्नाचा किराणा घ्यायचा होता म्हणून. एक दिवस गेला, दोन गेले. पुंडलिकरावांना विचारलं तर म्हणाले, "बंडीत ठेवलता. बंडी वावरात हाय. वावर भाच्याकडं हाय. भाचा सासऱ्याकडं गेला." खेमसिंगचा तर पत्ताच नव्हता. भर लगीनसराईत मोहिउद्दीनच्या किराणा दुकानात किलो उरला नाही. गिऱ्हाइकाला किलो साखर हवी असली तर तो अर्धा किलो दोनदा तोलून देई, आणि पाच किलो मागितली तर दहादा. मोजताना मध्येच कोणी बोललं की पुन्हा एकपासून.

तिसऱ्या दिवशी रामलाल शेठ मुद्दाम दुकानावरून गेले. "काहून मोहिद्दीन, किलो नाही म्हने तुह्याकडं? पाहिजे असन त माह्याकडून ने."

"येईन तो," मोहिउद्दीन म्हणाला. "माह्या किलोले रस्ता मालूम हाय."

आवाज चढा होता, पण शेठजी वळल्यावर तो खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही. पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं की लोक हसतात ते बरोबरच असेल. आपण दिलं, तांड्यानं घेतलं, संपलं. हमीदानं ते ओळखलं. ती पडद्याबाहेर आली, जे ती दिवसाउजेडी कधी करत नसे, आणि गल्ल्याजवळ उभी राहून म्हणाली, "खेमसिंगनं पागोट्यातली साखर झटकून देल्ली होती. तो लोखंड खाईन का? उठा. गिऱ्हाईक हाय."

चौथ्या दिवशी दुपारी गाडीतून खेमसिंग उतरला. त्याच्यामागून एक म्हातारा उतरला, मग दोन बायका, मग माणसंच माणसं. मोजली तर चौदा. सगळ्यांच्या खांद्यावर रिकाम्या पिशव्या आणि पोती. खेमसिंगनं पागोट्यातून किलो काढला आणि मोहिउद्दीनच्या पुढ्यात ठेवला.

"माफ कर दोस्ता. एकाचंच काम होतं. पन लोकायनं वजन सोडलंच नाही. साऱ्या गावानं आपला किराना फेरतोलून पाह्यला. मंग म्हनाले, ज्याचं हे वजन हाय त्याचीच दुकान दाखव. सहा लग्नं हाय गावात. सहाचाबी बाजार इथंच कराचा ठरला."

सहा लग्नांची साखर, गूळ, तूरडाळ, हळद, सुपारी. मोहिउद्दीनच्या दुकानात एका लग्नाचंसुद्धा सामान नव्हतं. तो लगोलग दुसऱ्या गाडीनं उमरखेडला पळाला, दोन फेऱ्या केल्या, आणि दोन दिवस ती चौदा माणसं त्याच्या ओसरीवर मुक्कामाला राहिली. हमीदानं भाकरी थापता थापता त्याच्या मामूची आठवण काढली. पण या वेळी हसून.

दरम्यान पुंडलिकरावांचा किलोही भाच्याच्या बंडीतून परत आला होता, आणि साहेबांकडे दुसरा अर्ज गेला होता: 'सदर इसम सरकारी छापाची वजने बाजारात मोकाट सोडतो.' पोळ्याच्या आधी साहेब पुन्हा आले. रामलाल शेठ योगायोगानं समोरच्या पानाच्या दुकानात उभे होते. साहेबांनी वजन हातात घेतलं, छाप पाहिला, भिंगातून पुन्हा पाहिला.

"ही वजनं तुम्ही लोकांना देता?"

"देतो."

"भाड्यानं?"

"फुकट." मोहिउद्दीनला आता तो शब्द शिवीसारखा म्हणता येत होता. "साहेब, तराजू बांधला तुमी, मी काही नाही म्हटलं. वजनं बांधनार असान त बांधा. मंग मी या लोकायले पाढे शिकवीन, छटाक न् किलोचा हिसाब शिकवीन. ते त नाही न बांधता येत?"

साहेबांनी पिशवीतून वही काढली. "गेल्या वर्षी या गावातून छापासाठी किती दुकानदार आले ठाऊक आहे? चार. गेल्या दोन महिन्यांत त्रेपन्न. मला वाटलं, दिग्रसला साथ आली की काय." ते पहिल्यांदाच हसले, आणि हसणं सवयीचं नसल्यानं लगेच थांबले. "परवान्याचा अर्ज केलात हीच तुमची चूक. केला नसतात तर नामंजूर कोण करणार होतं? तराजू दोन हात आत घ्या, उंबऱ्याच्या आत. मग तो दुकानाचा तराजू. दुकानाच्या तराजूवर कोणाचा माल तोलायचा, याबद्दल कायदा काही बोलत नाही."

त्यांनी स्वतःच्या हातानं सील तोडलं. नानाजी मास्तरांनी 'कोणाचा माल' या शब्दप्रयोगाबद्दल त्यांचं अभिनंदन केलं.

मोहिउद्दीनला आत जाणं पटलं नाही. तराजू आत घ्या असं रामलाल शेठही म्हणाले होते. पण हमीदानं तोड काढली. तिनं पुढची फळ्यांची भिंतच काढायला लावली. दुकान रस्त्यावरून आरपार दिसू लागलं. शेजारची खोली घेऊन दुकान मोठं करावं लागलं, कारण तोलायला येणारी माणसं आता तोलून झाल्यावर सहज म्हणून तेल घेत, सहज म्हणून डाळ घेत, आणि सहज म्हणून वर्षाचं तिखट भरत. एका जिनिंगच्या जुन्या सामानातून मोहिउद्दीननं पोती तोलायचा मोठा काटा आणला, छाप मारून घेतला आणि नव्या खोलीच्या तुळईला टांगला.

पोळ्यानंतरच्या बाजारात त्या काट्यासमोर रांग लागलेली असताना हातगाडीवर साखरेची दोन पोती घेऊन स्वतः रामलाल शेठ आले. बरोबर नोकर नव्हता. धोतराचा सोगा हातात, कपाळ घामेजलेलं.

"मोहिद्दीन," ते म्हणाले, आणि आज आवाज मऊ नव्हता, नुसता थकलेला होता. "उमरखेडच्या चकरा कायले मारतं? साखर माह्याकडून ने."

"नेईन. पन एक एक पोतं इथं, या लोकायसमोर तोलून घेईन."

"म्हनूनच त आनलं. तोल."

रांगेतल्यांनी त्यांना वाट करून दिली. चार माणसांनी पोतं काट्याला अडकवलं. मोहिउद्दीन एकेक वजन पलीकडच्या पारड्यात ठेवू लागला. रामलाल शेठ काट्याकडे न पाहता छपराकडे पाहत होते. शेवटचं वजन ठेवलं. काटा थरथरला, सरळ झाला, आणि पोत्याच्या बाजूला किंचित झुकला.

"भरलं!" रांगेत पहिली उभी असलेली सुखीबाई ओरडली. "अन् वर मूठभर हाय!"

कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. पहेलवानानं शिट्टी मारली. रामलाल शेठ भांबावून इकडेतिकडे पाहू लागले. पन्नास वर्षं त्यांनी धंदा केला होता, पण त्यांच्या मालाला टाळ्या कधी पडल्या नव्हत्या. त्यांचे खांदे हळूहळू वर आले, छाती पुढं आली, आणि त्यांनी सोगा झटकून खांद्यावर टाकला.

"मोहिद्दीन," ते खणखणीत आवाजात म्हणाले, "दुसरंबी तोल. हेबी पाहू दे लोकायले."

मोहिउद्दीननं सुखीबाईच्या हातातल्या पुड्याकडे पाहिलं, तिच्यामागं पार रस्त्यापर्यंत गेलेल्या रांगेकडे पाहिलं.

"तोलतो न, शेठजी," तो म्हणाला. "पन मागून या. लाइनीत लागा."

आणि रामलाल शेठ हातगाडी वळवून, रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.